हात पुरेना तेव्हा

(१९९१ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. सभागृहात दाखवलेली प्रात्यक्षिकं कंसात नोंदवली आहेत.)



शाळेत असताना माझा पहिला नंबर कधी चुकला नाही. पाचवीपासून दहावीपर्यंत सलग सहा वर्षं. प्रगतिपुस्तकात नव्हे, प्रार्थनेच्या रांगेत. उंचीप्रमाणे उभं राहायचं म्हटलं की मला सांगावंही लागायचं नाही, मी आपोआप पुढे जाऊन उभी राहायचे. माझ्यामागे हात लांब करून अंतर घेणाऱ्या मैत्रिणीचा पंजा बरोबर माझ्या डोक्यावर यायचा. तुम्ही मला ‘लवंगी’ म्हणायचात. आज प्रवेशद्वारापाशी आठ जणांनी त्याच नावानं हाक मारली, म्हणजे तेहतीस वर्षांत काही फरक पडलेला नाही. उंचीतही नाही. चार फूट अकरा इंच.

संयोजकांनी सांगितलं, ‘तू कडे चढतेस म्हणे, त्यावर बोल.’ कडे चढण्यावर बोलायचं तर दिवस पुरणार नाही. म्हणून मी एकच विषय घेतला आहे, आणि तो माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. वरची खुंटी हाताला लागत नसेल तर काय करायचं?

प्रस्तरारोहणाचे ढोबळ दोन प्रकार. एकात माणूस कातळाच्या खाचा, कपाऱ्या धरून स्वतःच्या हातापायांनी चढतो. दोर असतो तो फक्त पडलो तर झेलायला. दुसऱ्यात कातळ इतका सपाट, सरळसोट किंवा अंगावर आलेला असतो की धरायला काहीच नसतं. मग तिथं मेख ठोकायची, किंवा आधी कुणी बसवलेला बोल्ट शोधायचा, त्याला पट्टीची शिडी अडकवायची, त्या शिडीवर उभं राहायचं, पुढचा बोल्ट गाठायचा, त्याला दुसरी शिडी अडकवायची, तिच्यावर जायचं आणि खालची काढून घ्यायची. पुन्हा तेच. याला आपल्याकडे कृत्रिम प्रस्तरारोहण म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम गवंड्यासारखं आहे. सह्याद्रीतल्या बऱ्याच सुळक्यांवर याशिवाय गत्यंतर नसतं, कारण आपला दगड बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. काळा थर घट्ट, पण दोन थरांच्या मध्ये लालसर मातकट पट्टा येतो, तिथं हात घातला की मूठभर कोकण हातात येतं.

ही पाहा ती शिडी. (इथे शिडी सभागृहाच्या खिडकीच्या वरच्या गजाला अडकवून दाखवली.) हिला एट्रिअर म्हणतात. नायलॉनची पट्टी, तिला शिवून केलेल्या पाच पायऱ्या. वजन मोबाइलपेक्षा थोडं जास्त. दोन पायऱ्यांमधलं अंतर साधारण चौदा इंच. हा चौदाचा आकडा लक्षात ठेवा.

मी चढायला लागले तेव्हा तिशी उलटली होती. आमच्या गटात दोराला माझा जोडीदार होता पाच फूट अकरा इंचांचा. माझ्याहून बरोबर एक फूट उंच. हात वर केला की माझी बोटं सव्वासहा फुटांच्या आसपास पोचतात, त्याची साडेसात फुटांच्या. म्हणजे उंचीतला फरक एक फुटाचा, पण पोचण्यातला फरक त्याहून जास्त, कारण उंच माणसाचे हातही लांब असतात. देव एकदा द्यायला लागला की सगळंच देतो.

आता यातली गोम अशी. सुळक्यावरचे बोल्ट कोण बसवतो? तिथं पहिल्यांदा चढणारा. तो कुठं बसवतो? शिडीवर उभं राहून त्याचा हात जिथवर जातो तिथं. कारण प्रत्येक भोक हातानं, हातोडा आणि छिन्नीसारख्या ड्रिलवर ठोके घालत पाडायचं, बसाल्टमध्ये त्याला अर्धा तास सहज जातो, म्हणून जितके कमी बोल्ट तितकं बरं. तेव्हा तो माणूस जमेल तितका ताणून, शक्य तितक्या वर भोक पाडतो. आणि तो सहसा साडेपाच-पावणेसहा फुटी पुरुष असतो. त्याच्या मागून वीस वर्षांनी चार फूट अकरा इंचांची बाई येईल हा विचार त्याच्या मनात यायचं कारणच नाही. शाळेतल्या फळ्याचं असंच होतं. फळा बसवणाऱ्यानं कुणाचं माप घेतलं होतं कोण जाणे. सुविचार लिहायची पाळी आली की माझा सुविचार नेहमी फळ्याच्या मधोमध यायचा.

आता माझ्या पडण्याची गोष्ट सांगते. सुळक्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथं बोल्ट बसवणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत, चूक सगळी माझी होती. माळशेजच्या बाजूला आहे एवढं पुरे.

तीन बोल्ट व्यवस्थित झाले. चौथा दिसत होता, पण लांब. मी शिडीच्या वरून तिसऱ्या पायरीवर उभी होते, तिथून दुसऱ्या पायरीवर गेले. हात पुरेना. खालून जोडीदार ओरडला, ‘मी येऊ का पुढे?’ हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय. बसमध्ये वरच्या कप्प्यात पिशवी ठेवताना, दुकानात वरच्या फळीवरचा डबा काढताना. मी ‘नको’ म्हणाले आणि सगळ्यात वरच्या पायरीवर पाय ठेवला.

वरच्या पायरीवर उभं राहणं म्हणजे काय ते इथं खिडकीपाशी कळणार नाही. ज्या बोल्टावर तुमचं सगळं वजन आहे तो तुमच्या नडगीपाशी येतो. धरायला समोर काही नाही. कंबर, छाती, डोकं, सगळं आधाराच्या वर. कातळ थोडा कललेला असेल तर त्यावर तळवा टेकून तोल सांभाळता येतो. सरळ असेल तर शरीर मागं जाऊ पाहतं. अंगावर आलेला असेल तर विचारूच नका.

कमरेच्या पट्ट्यापासून बोल्टापर्यंत एक साखळी असते, खरं तर पट्टीच, ओळीनं शिवलेल्या छोट्या छोट्या फाशांची. तिला डेझी चेन म्हणतात. मी वर उठायला लागले तशी ती ताणली, आणि मला पुरतं ताठ उभं राहू देईना. तेव्हा मी काय केलं? ती काढून टाकली. दुसरं म्हणजे पुढचा बोल्ट हाती येताच त्यात दोर अडकवता यावा म्हणून मी आधीच दोर ओढून मुठीत धरला. टाचा उचलल्या. अजून चार बोटं कमी पडत होती. मी उडी म्हणता येणार नाही, पण उचकी लागल्यासारखा झटका दिला. पाय पायरीतून सटकला.

आपण दहावीला गतीची समीकरणं घोकली होती. इथं बेरीज त्याहून सोपी आहे. माझी कंबर त्या बोल्टाच्या तीन फूट वर होती. दोर सरळ असता तर मी सहा फूट पडले असते. तीन वरचे, तीन खालचे. पण हातात ओढून घेतलेला दोर आठ फूट होता, तोही त्यात मिळाला. वर दोर ताणला जातो ते वेगळंच. पंधरा-सोळा फूट खाली एक कपार होती, तिच्यावर उजवा घोटा आपटला. जोडीदारानं दोर वेळेत आवळला म्हणून मी घोट्यावर भागवलं. साडेचार महिने प्लास्टर आणि काठी. आई म्हणाली, ‘या वयात?’ एवढंच म्हणाली, पण महिनाभर म्हणाली.

त्या साडेचार महिन्यांत खाटेवर पडून मी जे वाचलं आणि विचार केला तो सांगायचा आहे. खरं तर हाच माझा विषय.

कडा चढताना हात पुरत नाही ही अडचण माणसाला पहिल्यापासून आहे, आणि त्यावरचे उपायही तितकेच जुने आहेत. फ्रान्समध्ये माँ एग्विय नावाचा चारी बाजूंनी तुटलेला डोंगर आहे. १४९२ साली, म्हणजे कोलंबस निघाला त्याच वर्षी, राजा आठव्या चार्ल्सनं अंत्वान द व्हिल नावाच्या सरदाराला हुकूम केला की वर जाऊन ये. त्याच्या माणसांत राजाचा अधिकृत शिडीवाला होता! किल्ल्यांच्या तटाला शिड्या लावणं हाच त्याचा पेशा. शिड्या, दोर घेऊन ते चढले, वर हिरवं कुरण सापडलं, तिथं काही दिवस मुक्काम केला आणि खाली निरोप धाडला की कुणीतरी येऊन खात्री करून जा. त्यानंतर पुन्हा माणूस त्या माथ्यावर पोचायला १८३४ साल उजाडलं.

आपल्याकडे शिडीवाला नव्हता, आपल्याकडे घोरपड होती. तानाजीची यशवंती. सहावीत आपण सिंहगडाचं नाटक केलं होतं, आठवतं? सगळ्यांना मावळे व्हायचं होतं. मला घोरपड केलं, कारण बाकावरून भिंतीवर सरपटत जायला सगळ्यात लहान मीच होते. तपकिरी चादर गुंडाळून, कमरेला सुतळी बांधून. इतिहासकार घोरपडीची गोष्ट खरी मानत नाहीत, आणि १६७० सालचे ते मावळे घोरपडीशिवाय कडा चढले असतील तर माझ्या मते त्यांचं कौतुक जास्तच आहे. पण त्या गोष्टीतली कल्पना मात्र आजही वापरतात. जिथं माझा हात पोचत नाही तिथं दुसरं काहीतरी पोचवायचं, आणि त्याला बांधलेल्या दोरानं मी जायचं. आज तिला काठी म्हणतात. इंग्रजी नाव ‘चीट स्टिक’, नावातच लबाडी. लांब काठीच्या टोकाला कॅराबिनर चिकटपट्टीनं बसवायचा, त्याचं तोंड काडी खोचून उघडं ठेवायचं, त्यातून शिडी लोंबत असते. काठीनं वर नेऊन बोल्टात अडकवला की काडी पडते, तोंड मिटतं, काठी ओढून घ्यायची.

मी ती वापरली आहे. एका गावात मुक्कामाच्या घरच्या आजोबांनी कुडातली कारवीची काठी काढून दिली होती. हलकी, सरळ, अशी काठी दुकानात मिळत नाही. पण तिच्यात दोन खोटी आहेत. ज्या बोल्टावर आता जीव टाकायचा तो जवळून पाहिलेला नसतो. गंजलाय का, हलतोय का, काही कळत नाही. आणि खालून त्या शिडीवर वजन टाकलं की माणूस लंबकासारखा झुलत जातो. म्हणून काठी चांगल्या, ओळखीच्या बोल्टापुरती. जुन्या मेखेवर मी ती लावणार नाही. तुम्हीही लावू नका, हे सांगायची गरज या सभेत कमी असावी, तरी सांगून ठेवते.

तिसरा उपाय तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, कारण शाळेसमोरच्या चौकात तुम्ही तो दर गोकुळाष्टमीला करायचात. थर लावायचे. आल्प्समधले जुने गिर्यारोहकही एकमेकांच्या खांद्यावर उभे राहून चढत. यातला सगळ्यात उंचीवरचा थर १९६० साली एव्हरेस्टवर लागला. तिबेटच्या बाजूनं जाताना ८६०० मीटरच्या आसपास एक उभा कातळ येतो, त्याला ‘दुसरी पायरी’ म्हणतात. चिनी तुकडीतले चौघे तिथं अडकले. ल्यू ल्यानमान नावाचा त्यातला एक जण वाकला आणि त्यानं खांदा दिला. छू यिनहुआनं काट्यांचे बूट साथीदाराच्या खांद्यात रुततील म्हणून बूटच काढले, आणि त्या थंडीत खांद्यावर चढून वरची कड गाठली. त्याच्या पायाची बोटं हिमदंशानं गेली. पुढे तिघं शिखरावर पोचले. ल्यू पोचला नाही. खांदा देण्यात त्याची शक्ती संपली होती, तो खालीच थांबला. १९७५ साली चिनी मोहिमेनं तिथं ॲल्युमिनियमची शिडी बसवली, तेव्हापासून त्या बाजूनं जाणारे लोक शिडीनंच चढतात.

ल्यूबद्दल वाचलं तेव्हा मला आधी माझा जोडीदार आठवला. मी पडले त्या दिवशी तोही वर गेला नाही. मला खाली उतरवलं, तीन तास पाठीवर घेऊन गावापर्यंत आणलं, आणि त्याबद्दल आजवर एक अक्षर बोललेला नाही. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता मूळ मुद्दा. प्लास्टरमध्ये असताना मी आकडे मांडले. त्याचा हात माझ्याहून वर जातो तो साधारण चौदा इंच. शिडीच्या दोन पायऱ्यांतलं अंतर चौदा इंच. म्हणजे माझ्या आणि त्याच्यामध्ये सगळा फरक एका पायरीचा! तो वरून दुसऱ्या पायरीवर उभा राहून जे गाठतो ते मला पहिल्या पायरीवरून गाठता आलं पाहिजे. प्रश्न हाताचा नव्हताच. मी सगळं लक्ष बोटांकडे देत होते, टाचा उचलत होते, झटके देत होते, आणि पाय मात्र कसेतरी टेकले होते.

आणि हे मला कुणीतरी आधीच सांगितलेलं होतं. आपल्या पी. टी.च्या सरांनी मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवला तो सातवीत. सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. माझे हात दुखायचे, मी दोरीला लोंबकळून रडायचे, आणि सर खालून म्हणायचे, ‘हातानं चढू नकोस गं, पायानं चढ. अंगठ्यात दोरी धर, आवळ, आणि उभी राहा. हात फक्त विचारायला आहेत.’ सर, हे तुम्हाला आठवत नसेल. मलाही आठवत नव्हतं, खाटेवर पडेपर्यंत.

तर वरच्या पायरीवर नीट उभं कसं राहायचं? मी पुढचं वर्षभर एका झाडाच्या फांदीला शिडी टांगून हेच केलं. शेजाऱ्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला.

पहिली गोष्ट, जी मी काढून टाकली होती ती. डेझी चेन काढायची नाही, तिची लांबी बदलायची. कमरेपासून खाली नडगीपाशी असलेल्या बोल्टापर्यंत ती इतकी लांब हवी की पाय पूर्ण सरळ झाले की ती ताणलेली असेल. मग काय होतं? पाय अंगाला वर ढकलतात, साखळी कमरेला खाली ओढते. तंबूचा खांब आणि ताणाची दोरी असतात ना, तसं. दोन्ही एकमेकांविरुद्ध असतात म्हणून खांब उभा राहतो. त्या ताणावर टेकून किंचित मागं रेललं तरी पडत नाही, उलट स्थिर होतं, आणि एक हात मोकळा होतो. माझ्या पहिल्या साखळीत लांबी कमी-जास्त करायची म्हणजे एका फाशातून काढून दुसऱ्यात घालायचं, लोंबकळताना ते जमत नाही म्हणून मी वैतागले होते. आता बकलवाली मिळते, शाळेच्या दप्तराच्या पट्ट्यासारखी; ओढली की आखूड, बकल उचललं की लांब. तिच्या जोडीला फिफी हुक. हा पाहा. (हुक दाखवला.) कमरेला बांधलेला आकडा. बोल्ट कमरेपाशी आला की यात अडकवून बसायचं आणि दम खायचा. याला फाटक नाही, वजन काढलं की आपसूक निघतो. म्हणून यावर विसंबून जीव सोडायचा नाही, हा फक्त टेकायला.

डेझी चेनबद्दल एक धोक्याची सूचना, कारण आपल्यातल्या तिघा-चौघांची मुलं हल्ली ट्रेकला जातात असं आताच चहाच्या वेळी कळलं. ती पडणाऱ्याला झेलायला केलेली नाही. तिच्यात ताण घेणारा लवचिकपणा नसतो. तिच्यावर तीन-चार फूट पडलं तरी बसणारा हिसका भयंकर असतो. आणि एकच कॅराबिनर तिच्या दोन शेजारच्या फाशांत एकदम अडकवला तर मधली शिवण उसवून तो अख्खा बाहेर येऊ शकतो. दिसायला अडकलेला, प्रत्यक्षात कशातच नाही. झेलायचं काम दोराचं. मुलांना तेवढं सांगा.

दुसरी गोष्ट म्हणजे ती चार बोटं. मी बोल्टाला क्विकड्रॉ लावत होते. क्विकड्रॉ म्हणजे दोन कॅराबिनर आणि मध्ये वीतभर पट्टी. आणि शिडी त्याच्या खालच्या कॅराबिनरमध्ये. नीटनेटकं दिसायचं. पण त्यामुळे माझी शिडीच वीतभर खाली लोंबत होती. मी जी चार बोटं वर शोधत होते ती खाली वाया जात होती! शिडी वरच्या कॅराबिनरमध्ये, शक्य तर थेट बोल्टाच्या कानात अडकवली की वीतभर उंची फुकट मिळते. उंच माणसाला याचा विचार करावा लागत नाही, त्यामुळे मला शिकवणाऱ्यांपैकी कुणी हे सांगितलंच नव्हतं. त्यांचा दोष नाही. चप्पल कुठं चावते ते घालणाऱ्यालाच कळतं.

तिसरी गोष्ट दोराची. पुढच्या बोल्टाला हात लागला की आधी शिडी, मग साखळी, मग वजन टाकून परीक्षा. हळूच, मग जरा जोरात, मान खाली घालून, म्हणजे निघालाच तर दातावर न येता हेल्मेटवर येईल. मग त्या शिडीवर चढायचं, आणि बोल्ट छाती-कमरेपाशी आला की तेव्हा दोर अडकवायचा. वर हात ताणून, दोर ओढून घेऊन नाही. ते माझ्या घोट्याला विचारा.

बाकी बारीकसारीक युक्त्या पुष्कळ आहेत. मधेच एखादी कड असेल तर तिच्यावर नुसता पोलादी आकडा टेकवून त्यावर उभं राहतात. आपल्या बसाल्टच्या कडा फुटतात, मला तो प्रकार आवडत नाही. अमेरिकेत योसेमिटीच्या एल कॅपिटनवर वॉरन हार्डिंग आणि मंडळींनी १९५७-५८ मध्ये ‘नोज’ नावाची वाट काढली. दीड वर्षात मिळून ४५ दिवस कड्यावर, सव्वाशे बोल्ट, आणि एका रुंद भेगेत बसेना म्हणून चक्क जुन्या शेगडीचे पाय मेखा म्हणून ठोकले. पुढे लोक म्हणायचे, ही वाट कृत्रिम साधनांशिवाय होणे नाही. १९९३ साली लिन हिल नावाच्या बाईनं ती कुठंही शिडीवर किंवा मेखेवर वजन न टाकता, नुसत्या हातापायांनी केली. तिच्याआधी ते कुणालाच जमलं नव्हतं. तिची उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपास. एका ठिकाणी तिची बोटं बारीक म्हणून भेगेत गेली, म्हणतात. मी तिचं छायाचित्र स्वयंपाकघरात लावलं आहे, वरच्या फळीखाली.

दीड वर्षानं मी त्याच सुळक्यावर परत गेले. जोडीदार तोच. पायथ्याशी त्यानं पिशवीतून ड्रिल काढलं आणि म्हणाला, ‘मधे एक बोल्ट मारू. तुझ्यानंतर येणाऱ्यांनाही सोय होईल.’ बोलण्यात तथ्य होतं. वर्षभर मी चिडून हेच म्हणत होते, की बोल्ट बसवणारे आमचा विचार करत नाहीत. आता विचार करायची पाळी माझी होती, आणि माझं मन होईना. मी चढू शकत नाही म्हणून कातळाला भोक पाडायचं, हे मला बरोबर वाटेना. पण माझ्याहून बुटकी कुणी आली तर? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. त्या दिवशी मी एवढंच म्हणाले, ‘आधी बघू दे.’

तिसरा बोल्ट. शिडी थेट बोल्टाच्या कानात. दुसरी पायरी. साखळीचं बकल ओढलं. मग पहिली पायरी. उजवा पाय आत, डावा कातळाला टेकलेला. घोट्यात कळ आली, ती येतेच. डावा तळवा कातळावर खाली दाबून हळूहळू पाय सरळ केले. साखळी ताणली आणि कमरेला धरून राहिली. दोराला हात लावला नाही. मग हात वर केला.

पुरला. टाच न उचलता. दोन बोटं वर उरली.

मी खाली ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. जोडीदार म्हणतो, ‘बाई, फळा पुसला!’ असं ओरडले. तो अजून विचारतो याचा अर्थ काय. त्याला कसं सांगणार, तुम्हाला कळेल.

ड्रिल त्या दिवशी पिशवीतच राहिलं. माथ्यावर आम्ही दोघं दुपारी अडीचला पोचलो. भाकरी आणि ठेचा खाल्ला, वारा फार होता म्हणून लगेच उतरलो. खाली कपारीपाशी आल्यावर तो जरा थांबला, मी आपटले होते तो दगड त्यानं हातानं चाचपून पाहिला, आणि मग काही न बोलता उतरायला लागला.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, जेवणं खोळंबली आहेत. शिडी खिडकीला तशीच राहू देते. ज्यांना चढून पाहायचं असेल त्यांनी जेवणाआधी या, नंतर नको. चपला काढा, साड्या खोचून घ्या. गज मी सकाळीच तपासला आहे, हेडमास्तरांची परवानगी घेतली आहे. वरच्या पायरीवर गेल्यावर हात कुठंवर जातो ते खडूनं भिंतीवर खूण करू, नावासकट. भिंत उद्या मी पुसून देईन. दोर धरायला मी खाली उभी आहे, आणि सर, तुम्ही इथं खुर्ची घेऊन बसा, कुणी हातानं चढायला लागलं तर ओरडायला.